मनगटाचा पट्टा आणि गोदामाचं गेट

पार्सलच्या गोदामात कामाला लागलं की पगाराच्या कागदाआधी सामानाचा कागद हातात पडतो. माझ्या हातात पडला त्यावर दोन याद्या होत्या. आत काय चालेल ती यादी जेमतेम चार ओळींची: ओळखपत्र, चष्मा, पारदर्शक पाण्याची बाटली, लॉकरची किल्ली. काय चालणार नाही ती यादी पान उलटलं तरी संपत नव्हती. मोबाइल, हेडफोन, पॉवर बँक, स्मार्ट घड्याळ, पेन ड्राइव्ह, अत्तराची बाटली, लिपस्टिक, पाकीट, छत्री, पुस्तक. सगळ्यात शेवटी ‘पॅकिंगमधली किंवा नवी दिसणारी कोणतीही वस्तू’. पुढे माझं सगळं प्रकरण या शेवटच्या ओळीपाशी अडकलं, म्हणून ती मला अजून तोंडपाठ आहे.

इंडक्शनला आम्ही बरेच जण होतो आणि प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता, तो एका मुलीने विचारून टाकला. लिपस्टिकने कुणाचं काय बिघडतं? शिकवायला आलेल्या बाई वैतागल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “लिपस्टिकने काहीच बिघडत नाही. पण तुझ्या खिशात आहे तशीच लिपस्टिक आत पार्सलांत शेकड्यांनी फिरत असते. बाहेर पडताना गार्डने दोन्हींतला फरक कसा ओळखायचा, ते तूच सांग.” कुणालाच सांगता आलं नाही.

हे नीट समजायला आमचं गोदाम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. आमचं काम सॉर्टिंगचं. इथे माल साठत नाही. बंद पार्सलं एका बाजूने गाड्यांतून उतरतात, बेल्टवर चढतात, लेबल स्कॅन होतं आणि पत्त्याप्रमाणे वेगळी होऊन दुसऱ्या बाजूच्या गाड्यांत जातात. अमुक नंबरचं पार्सल अमुक वेळी अमुक बेल्टवर होतं, एवढं संगणकाला पक्कं ठाऊक असतं. त्या खोक्यातली वस्तू अजून खोक्यातच आहे का, हे मात्र स्कॅनरला दिसत नाही. जिथे माल फडताळांत साठवून ऑर्डरप्रमाणे काढतात, तिथे कप्प्या-कप्प्याची मोजदाद चालू असते, आणि एखादी वस्तू कमी पडली तर कधी ना कधी मोजणीत कळतं. आमच्याकडे एखाद्या फाटलेल्या पार्सलातून काही नाहीसं झालं, तर ते बहुतेक वेळा घेणाऱ्याने खोकं उघडून तक्रार केल्यावर कळतं. तोवर त्या पार्सलाने आणखी दोन-तीन गोदामं पाहिलेली असतात आणि कुठे काय झालं हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मग सुरक्षावाल्यांच्या हाती एकच भरवशाची जागा उरते, माणूस जिथून बाहेर पडतो ते दार.

मोबाइलबंदीला आणखी दोन कारणं आहेत आणि ती मला पटतात. प्रत्येक लेबलवर कुणाचं तरी नाव, पत्ता आणि बहुतेक वेळा फोन नंबर असतो. एका पाळीत माझ्या डोळ्यांखालून इतकी घरं जातात की त्यांचे फोटो कुणी काढत बसलं तर काय होईल याचा विचार नकोसा होतो. फाटलेली लेबलंसुद्धा आमच्याकडे कचऱ्यात जात नाहीत, वेगळ्या बंद डब्यात जातात. दुसरं कारण फोर्कलिफ्ट, म्हणजे जड माल उचलून नेणारी गाडी. मागे सरकणाऱ्या फोर्कलिफ्टच्या वाटेत कानात हेडफोन घातलेला माणूस उभा आहे, ही कल्पना चालवणाऱ्याला विचारून पाहा.

अंगठी, लोंबतं कानातलं, गळ्यातली दोरी यांना मनाई आहे ती मात्र चोरीसाठी नाही. बेल्टच्या रोलरमध्ये अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. ओळखपत्राची दोरीसुद्धा आम्हाला दिली ती ओढ बसताच मानेपाशी सुटणारी. सुरक्षा आणि सुरक्षितता या दोन्हींचे नियम एकाच कागदावर एकाखाली एक छापले की माणसं सगळ्यांकडेच संशयाने बघायला लागतात. अंगठीचा नियमही ‘आपल्यावर विश्वास नाही म्हणून’ असं आमच्या लाइनवरच्या कितीतरी जणांना वाटत होतं, आणि त्यामुळे तो पाळला कमी जात होता. कागद दोन हवे होते.

लॉकर गेटच्या बाहेरच्या बाजूला. हे महत्त्वाचं, कारण लॉकरमध्ये ठेवलेली वस्तू तपासणीच्या रेषेच्या आत जातच नाही, म्हणून तिच्याबद्दल बाहेर पडताना कुणी विचारत नाही. काही ठिकाणी लॉकर आतल्या बाजूला असतात. तिथे काम करून आलेली एक ताई सांगायची, की प्रत्येक फोनच्या पाठीवर नंबराचं स्टिकर, रजिस्टरमध्ये फोनचा आयएमईआय क्रमांक, आणि येता-जाता दोन्ही जुळवून बघायचे. त्या मानाने आमचं सोपं. लॉकर रोजच्या रोज रिकामा करायचा, कुलूप आपलं आपण आणायचं, रात्रभर कुलूप राहिलं तर सकाळी कापणार. दारावर पाटी: ‘मौल्यवान वस्तू स्वतःच्या जबाबदारीवर ठेवाव्यात’. या पाटीशी माझं भांडण आहे. फोन आत न्यायचा नाही हा नियम तुमचा, ठेवायची जागा तुमची, तिथला कॅमेरा तुमचा, आणि फोन गेला तर जबाबदारी माझी! एकदा एका मुलाचं कुलूप खरंच तोडलं गेलं. त्याचा फोन मिळाला नाही आणि भरपाईही मिळाली नाही. त्याच दिवशी गेटवर एका रिकाम्या खोक्यासाठी मात्र पंचनामा चालू होता.

खोक्याचंही सांगते. टाकून दिलेलं पुठ्ठ्याचं खोकं, फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, संपत आलेली चिकटपट्टी यातलं काहीही बाहेर न्यायला बंदी. नव्या माणसाला हा कंजूषपणा वाटतो. पण खोकं बाहेर जाऊ द्यायचं ठरवलं तर प्रत्येक खोकं रिकामं आहे का ते बघणं आलं. शिवाय आज रिकामं खोकं चालतं, मग उद्या ‘खराब झालेला’ माल चालतो, आणि कुठला माल खराब हे ठरवणारा आणि नेणारा हळूहळू एकच माणूस होतो. म्हणून सरसकट नाही म्हणणं सोपं.

आत जाताना तपासणी उडती, बाहेर पडताना कसून. चौकटीसारखा जो मेटल डिटेक्टर असतो त्याच्या खांबांत तारेची वेटोळी असतात. त्यांतून बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडलं जातं, जवळच्या धातूत त्यामुळे बारीक प्रवाह फिरायला लागतात आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र पलीकडची वेटोळी पकडतात. खांबावर उभे दिवे असतात आणि साधारण ज्या उंचीवर धातू असेल तिथला दिवा लागतो. पायाशी दिवा लागला की बहुतेक वेळा बुटातली पोलादी टोपी. ज्यांच्या बुटांत पोलादाऐवजी कठीण प्लास्टिकसारखी टोपी असते ते गुपचूप निघून जातात. आम्हाला मिळालेले बूट पोलादाचे! ठेकेदाराने स्वस्त पडले म्हणून घेतले असणार. त्यामुळे दर पाळीच्या शेवटी शेकडो माणसं बूट काढून हातात घेऊन त्या चौकटीतून अनवाणी जायची. नव्या बुटांवर वाचवलेला पैसा त्या लाइनमध्ये कितीतरी पटीने जात होता. फक्त तो जात होता आमच्या वेळेतून, म्हणून हिशेबात कुठे दिसत नव्हता.

काही वेळा अंगावर कणभर धातू नसताना दिवा लागतो. सुरुवातीला माणसं यावर गार्डशी भांडतात. पण ती यंत्रातलीच सोय आहे: इतक्या माणसांमागे एकाला, कुठलाही नेम न ठेवता, बाजूला घ्या. कुणाला तपासायचं हे गार्डच्या मर्जीवर राहू नये आणि ओळखीच्या माणसाला त्याला सोडताही येऊ नये, असे दोन्ही हेतू त्यात साधतात. मला हा दिवा आवडायचा, म्हणजे माझ्यावर लागला नाही तेव्हा. बायकांची झडती पडद्याआड, बाई गार्डच घेणार, हा नियम कागदावर पक्का होता. प्रत्यक्षात रात्रपाळीला एकच बाई गार्ड असायची आणि ती चहाला गेली की बायकांची लाइन जागच्या जागी थिजायची.

आता मनगटाचं. सॉर्टिंगला उजवा हात दिवसभर एकाच पद्धतीने वळतो. पार्सल उचल, लेबल वर कर, स्कॅनर धर, टाक. काही महिन्यांनी अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी पट्टा लिहून दिला. तळहाताखाली वाकवलेली धातूची पट्टी असलेला, दोन वेल्क्रोच्या पट्ट्यांनी आवळायचा, काळ्या रंगाचा. औषधांच्या दुकानात मिळतो आणि ऑनलाइनही भरपूर विकला जातो. म्हणजे आमच्याच बेल्टवरून जाणारी वस्तू. नवाकोरा, धातू असलेला आणि अनुक्रमांक नसलेला असा तो पट्टा घालून मी गेटवर गेले.

जाण्याआधी मी सुपरवायझरला फोन करून विचारलं होतं. “डॉक्टरांची चिठ्ठी आण, काही अडचण नाही,” असं तो म्हणाला. गेटवर चिठ्ठी दाखवली, पट्टा दाखवला आणि रजिस्टरमध्ये नोंद करा म्हटलं. सकाळचे गार्डकाका चांगले माणूस, सगळ्या मुलींना ‘बेटा’ म्हणणारे. ते म्हणाले, “अगं औषधाची वस्तू आहे ही, हिची कसली नोंद? जा, उशीर होतोय तुला.” मागे लाइन होती. मी गेले.

संध्याकाळी गार्ड दुसरा. हाताच्या उंचीवर दिवा लागला, हातातलं यंत्र फिरवलं, ते मनगटाशी कुरकुरलं. पट्टा काढायला सांगितला. आतल्या बाजूला मापाचं लेबल शिवलेलं, अजून एकदाही न धुतलेलं, कडक. गार्डने विचारलं, “नोंद कुठंय?” मी सकाळचं सांगितलं. त्याने रजिस्टर उघडून माझ्यासमोर ठेवलं. त्यात माझं नाव नव्हतं. “चिठ्ठी आहे,” मी म्हटलं. त्याने वाचली आणि जे म्हणाला ते ऐकून मला राग आला आणि तरी त्यात खोट काढता आली नाही. “ताई, चिठ्ठीवरून तुम्हाला पट्ट्याची गरज आहे हे कळतं. हा पट्टा तुमचा आहे हे त्यावरून कसं कळणार?”

मागे लाइन तुंबलेली, तिच्यात माझ्याच बेल्टवरची माणसं, आणि टेबलावर सगळ्यांना दिसेल असा माझा पट्टा. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पुढचं सगळं कागदावर झालं आणि त्या गार्डला एक श्रेय द्यायलाच हवं, त्याने प्रत्येक पायरी नियमाने केली. पट्टा पारदर्शक पिशवीत टाकला, पिशवीला नंबराचं सील लावलं, सीलचा नंबर पावतीवर लिहिला. पावतीवर वस्तूचं वर्णन, वेळ, त्याची सही, माझी सही. सही करण्याआधी मी वाचलं तर ‘संशयित माल जप्त’ असं छापलेलं होतं. मी सही करायचं नाकारलं. आवाज न चढवता म्हटलं, “मी माझी वस्तू तपासायला देतेय. तसं लिहा, मग करते.” त्याने शिफ्टच्या मुख्याला बोलावलं. मुख्याने छापील ओळ खोडली, वर ‘पडताळणीसाठी ठेवून घेतली, मालकीचा दावा आहे’ असं लिहिलं आणि शेजारी आद्याक्षरं केली. ही खोडाखोड मला त्या दिवशी कुणी शिकवलेली नव्हती. आमच्या सॉर्टिंग विभागात एक दादा होते, पूर्वी कारखान्यात युनियनमध्ये काम केलेले. ते बूट हातात घेऊन लाइनमध्ये उभे होते. त्यांनी लांबूनच एवढंच म्हटलं, “वाचून सही कर गं.”

पावतीचा फोटो काढायला माझ्याकडे फोन नव्हता, तो लॉकरमध्ये. मी लॉकरकडे जाऊन फोन काढला, गेटच्या बाहेरूनच पावतीचा फोटो घेतला आणि सुपरवायझरला पाठवला, सोबत सकाळच्या आमच्या बोलण्याचा उल्लेख. यामुळे एक झालं, त्याला नंतर ‘मला काही माहीत नव्हतं’ म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्ट्याशिवाय काम. प्रथमोपचाराच्या खोलीतून मनगटाला साधं बँडेज बांधून घेतलं. ते सैल पडायचं आणि दर तासाला पुन्हा बांधावं लागायचं. ज्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी हात स्थिर ठेवायला सांगितलं होतं, ते दुखणं पडताळणी होईपर्यंत थांबेल असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं दिसलं. मी एचआरच्या खिडकीवर जाऊन लेखी मागितलं: एकतर हलकं काम द्या, नाहीतर वैद्यकीय वस्तू ठेवून घेतल्यावर तिच्या बदल्यात काय द्यायचं ते सांगा. हलकं काम मिळालं. तोंडी मागितलं असतं तर मिळालं नसतं, असं मी ठामपणे म्हणते, कारण माझ्या शेजारणीने तोंडी मागितलं होतं.

पडताळणीत त्यांनी तीन गोष्टी बघितल्या. पहिली खरेदीचं बिल. ते घरी होतं आणि त्यावर चिठ्ठीच्याच दिवसाची तारीख होती. दुसरी, गेटच्या कॅमेऱ्याचं सकाळचं चित्रण. मला खरी खात्री त्याचीच होती, कारण आत येताना पट्टा हातावर होता. पण चित्रण काढायला सुरक्षा विभागाच्या बाहेरच्या कुणाची तरी परवानगी लागते आणि तो माणूस सुटीवर. तिसरी मला आधी माहीत नव्हती. त्या पाळीत फाटलेल्या किंवा वजनात कमी भरलेल्या पार्सलांची यादी काढतात. बेल्टवर एका ठिकाणी पार्सल आपोआप मोजलं जातं आणि पाठवणाऱ्याने सांगितलेल्या वजनाशी फरक पडला तर ते बाजूला पडतं. माझ्या बेल्टवरून त्या दिवशी असं काही बाजूला पडलं होतं का, ते बघितलं. नव्हतं पडलं. पडलं असतं तर? कुणीतरी पाठवताना वजन चुकीचं टाकलेलं एखादं पार्सल माझ्या पाळीत यायचं आणि माझा पट्टा त्याच्या खात्यात जायचा. हे मी एचआरला विचारलं. “तसं सहसा होत नाही,” असं उत्तर मिळालं.

पट्टा परत मिळाला. सील माझ्यासमोर कापलं, पावतीवर ‘परत मिळाली’ची सही झाली. गार्डकाकांना त्यावरून समज मिळाली म्हणतात. मला वाईट वाटलं, कारण त्या सगळ्या साखळीत माणसासारखं वागलेले तेवढेच होते. पण गेटवर तोंडी परवानगी देणारा माणूस बाहेर पडताना तुमच्यासोबत उभा नसतो, त्याची पाळी संपलेली असते. चांगुलपणा रजिस्टरात लिहिला जात नाही, म्हणून मी तेव्हापासून काकांकडूनसुद्धा लिहून घेते. ते आता हसतात आणि लिहितात.

या भानगडीत माझी ड्युटी पंच करून झाल्यानंतरचा जो वेळ गेला, त्याचे पैसे कुणी दिले नाहीत. पंचिंगचं यंत्र गेटच्या आत. आधी पंच, मग लाइन. हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही आणि नवाही नाही. अमेरिकेत अॅमेझॉनच्या गोदामांत ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांनी यावर दावा लावला होता. पाळी संपल्यावर तपासणीच्या लाइनमध्ये सुमारे 25 मिनिटं जातात, त्याचे पैसे द्या, अशी त्यांची मागणी होती. 2014 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती फेटाळली. कामगारांना ज्या कामासाठी ठेवलं ते माल काढायचं आणि भरायचं, तपासणी हा त्या कामाचा अविभाज्य भाग नाही, असं म्हणणं पडलं. पण तो निकाल केंद्रीय कायद्याचा होता, राज्यांचे कायदे वेगळे. 2020 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अॅपलच्या दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला: बॅगा तपासेपर्यंत माणूस कंपनीच्या ताब्यात असतो, तेव्हा तो वेळ कामाचाच. कंपनीचं म्हणणं होतं की बॅग किंवा फोन आणायची सक्ती आम्ही करत नाही, आणू नका म्हणजे तपासणीही नाही. त्यावर न्यायालयाने सुनावलं, की जगाला आयफोन जगण्याचा भाग म्हणून सांगायचा आणि आपल्याच कर्मचाऱ्यांना तो अनावश्यक म्हणायचा, हे विसंगत आहे. 2021 मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही अॅमेझॉनच्याच गोदामाच्या प्रकरणात, राज्याच्या कायद्याखाली हा वेळ पगारी धरला.

हे निकाल आमच्या गेटला लागू नाहीत. पण मी ते दादांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, “कोर्टाचं राहू दे, पंचिंगचं यंत्र गेटच्या बाहेर न्यायला सांग.” आम्ही तसा अर्ज केला, बऱ्याच सह्या घेऊन. यंत्र हललं नाही. पण बूट बदलले! पाळीच्या शेवटची लाइन निम्म्याहून कमी झाली आणि त्याचं श्रेय कुणीतरी वरच्याने सादरीकरणात घेतलं. घेऊ दे.

फोनबद्दल माझं मत मात्र मधेच बदललं. आधी मी नियमाच्या पूर्ण बाजूने होते. मग एका सहकाऱ्याच्या घरून त्याच्या लॉकरमधल्या फोनवर दुपारपासून फोन येत राहिले आणि त्याला निरोप मिळाला पाळी संपल्यावर. गेटवर तातडीच्या निरोपासाठी एक फोन होता. त्याचा नंबर कुणाच्याच घरी नव्हता, कारण तो कुठल्याच कागदावर छापलेला नव्हता. 10 डिसेंबर 2021 च्या रात्री अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या एडवर्ड्सव्हिल इथे टॉर्नेडोने, म्हणजे गरगरत येणाऱ्या वादळाने, अॅमेझॉनचं पार्सल केंद्र अंशतः कोसळलं आणि सहा जण मरण पावले. त्यानंतर गोदामांतल्या फोनबंदीचा प्रश्न तिथल्या कामगारांनी जोरात लावून धरला: वादळाचा इशारा आपल्या हातात का येऊ नये? कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेने नंतर त्या जागेबद्दल जे नोंदवलं त्यात मला एक गोष्ट विसरता येत नाही. आसऱ्याला जा म्हणून ओरडून सांगण्यासाठी ठेवलेला कर्णा कुलूपबंद पिंजऱ्यात होता आणि तो वेळेला हाताशी नव्हता. चोरीपासून जपलेली वस्तू. फोन बंद ठेवायचेच असतील, तर आत बातमी पोचवायची दुसरी वाट आधी उघडी हवी, आणि ती चालते का ते दर महिन्याला बघायला हवं. आमच्याकडे आता निरोपाचा नंबर ओळखपत्राच्या मागे छापलेला आहे. तो चालतो, मी लावून पाहिला.

वैद्यकीय वस्तूंसाठी वेगळं रजिस्टर माझ्या प्रकरणानंतर सुरू झालं. हृदयाला पेसमेकर बसवलेले एक काका आमच्याकडे रुजू झाले, त्यांची नोंद त्यात पहिल्याच दिवशी झाली: चौकटीत रेंगाळायचं नाही, हातातलं यंत्र छातीवर धरायचं नाही, त्याऐवजी हाताने तपासायचं. हे ते स्वतःच कार्ड दाखवून सांगत होते. पण आधीच्या गेटवर दर पाळीला नव्या गार्डला तेच पुन्हा सांगावं लागायचं म्हणाले. साखर मोजायचं यंत्र, कानातलं ऐकायचं यंत्र, इन्शुलिनचा पंप, सगळ्यांना एकेक ओळ मिळाली.

माझ्या पट्ट्याला नंबराचं स्टिकर चिकटवलं. घामाने ते पहिल्याच आठवड्यात सुटलं. दुसरं चिकटवलं, तेही सुटलं. शेवटी गार्डने मापाच्या लेबलावर न पुसणाऱ्या पेनाने नंबर लिहिला आणि तो टिकला. मनगट पुढे बरं झालं. डॉक्टरांनी पट्टा बंद करायला सांगितला, मी तो घरी ठेवला आणि रजिस्टरमधली ओळ विसरून गेले. रजिस्टर विसरलं नाही. महिन्याच्या तपासणीत माझ्या नावासमोर शेरा आला: ‘वस्तू आत गेली, बाहेर आल्याची नोंद नाही.’ शेवटच्या दिवशी बाहेर पडताना गार्डने पट्टा पाहिला होता, सही करायची राहिली होती. आता नोंद बंद करायची तर अर्ज करायचा, आणि वस्तू समोर दाखवायची. म्हणजे घरी असलेला पट्टा मी पुन्हा गेटवर घेऊन जायचा, तो आत न नेता बाहेर आल्याचं लिहून घ्यायचं. मी काकांना म्हटलं, “आणते, पण आणल्याची नोंद करू नका हं.” ते म्हणाले, “बेटा, नोंद केल्याशिवाय मी तो बघणार कसा?”